धरून ठेवलेलं

सकाळचे सव्वानऊ झाले असतील. क्रेनच्या चुंबकांना पाच रूळ चिकटलेले होते, जमिनीपासून दोन पुरुष उंच. खाली देवरावकाकांचा उजवा हात हवेत सावकाश हलत 'ये, अजून ये' म्हणत होता, आणि त्याच क्षणी रूपेश कापगतेच्या डाव्या अंडकोषातून कळ निघाली आणि जांघेतून वर बेंबीपर्यंत गेली. कळ नवी नव्हती. चार वर्षं ती येत होती. पण आज ती आली तेव्हा त्याचा हात लिव्हरवर होता, आणि तो हात त्याला न विचारता पुढं गेला. साठ फुटांवरच्या केबिनमधून त्याने पाहिलं, की पाच रूळ एकदम झुलले आणि जिथं थांबायचं त्याच्या चार हात पुढं गेले. देवरावकाका मागं उडी मारून पडले, त्यांचं पिवळं हेल्मेट घरंगळत भिंतीपर्यंत गेलं. मग माल परत झुलत मागं आला, आणखी दोनदा हलला आणि स्थिर झाला. काका उठले, पँट झटकली, वर पाहिलं. इतक्या उंचीवरून चेहरा दिसत नाही. दिसतं फक्त डोकं, आणि आज ते डोकं उघडं होतं, पांढऱ्या केसांचं, फार लहान. काकांनी हात वर करून 'खाली ठेव' अशी खूण केली. रूपेशने माल खाली ठेवला. वॉकीटॉकीवर फोरमनचा आवाज आला, "क्या हुआ कापगते?" आणि रूपेश म्हणाला, "लिव्हर अटक गया था साहब."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्याला बरंच वाटलं. मशीनवर ढकललं की माणूस सुटतो. क्रेन बंद केली गेली, इलेक्ट्रिकवाले दोघं शिडीने वर आले, पॅनल उघडलं, तारा तपासल्या, लिव्हर वीसदा पुढंमागं केला. रूपेश कोपऱ्यात उभा होता, मांड्या एकमेकींवर दाबून, कारण कळ ओसरल्यावर नेहमीप्रमाणे लघवीची घाई लागली होती आणि हे दोघं असताना उतरणं बरं दिसलं नसतं. दोन तासांनी त्यातला थोरला हात पुसत म्हणाला, "सब नॉर्मल है." रूपेश दचकला. हे तीन शब्द त्याने इतक्यांदा ऐकले होते, की क्षणभर त्याला वाटलं, हा माणूस आपल्याबद्दलच बोलतो आहे.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना होता. शेडचा पत्रा तापून केबिनमध्ये हवा अशी झाली होती, की श्वास घेतला तर नाक भाजावं. दुपारच्या पाळीचा ऑपरेटर सुट्टीवर होता आणि त्याच्या जागी कुणी आलं नव्हतं. सहाला चढलेला रूपेश दोनला न उतरता चारपर्यंत वर होता. त्यात त्याला विशेष काही वाटलं नव्हतं. ज्या उस्तादाने त्याला क्रेन शिकवली, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की चांगला ऑपरेटर एकदा चढला की शिफ्ट संपल्यावरच उतरतो; घटकेघटकेला शिडीवर दिसतो तो ऑपरेटर नव्हे, माकड. रूपेश तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याने पाणी कमी प्यायला सुरुवात केली, सकाळचा चहा सोडला, आणि पुढं पंधरा वर्षं त्याला याचा अभिमान होता. इतरांना तो सांगायचा, मी उतरत नाही. त्या मे महिन्यातल्या दुपारी तो उतरला, पळत मुतारीत गेला, उभा राहिला, आणि लघवी आलीच नाही. पोट दगडासारखं. शेजारी दोघं आले, आपापलं उरकून गेले, तो भिंतीकडे पाहत उभा. मग थेंब थेंब, मग जळजळ, आणि त्या दिवसापासून डाव्या गोटीत कुणीतरी चिमटा लावून ठेवल्यासारखं झालं. कधी घट्ट, कधी सैल, पण काढून कुणी घेतला नाही.

सांगायचं कुणाला? सांगायला शब्द हवा होता. वडील, जानराव, साकोलीजवळच्या खेड्यातून छत्तीसगडात, भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले, आयुष्यभर भट्टीपाशी राबले, पण त्यांच्या घरात शरीराच्या त्या भागाला नाव नव्हतं. आई लहानपणी 'तिकडं' म्हणायची. तिकडं नीट धू. तिकडं हात लावू नको. मित्रांच्यात शब्द पुष्कळ होते, पण ते सगळे शिवीत नाहीतर विनोदात चालायचे. दुखण्यासाठी त्यातला एकही कामाचा नव्हता. शेवटी रेल्वेच्या भिंतीवर रंगवलेला फोन नंबर वाचून तो दुर्गला एका वैद्याकडे गेला होता, तोंडाला गमछा बांधून. वैद्याने नाडी धरली आणि डोळे मिटून विचारलं, "बचपन में गलती करते थे?" रूपेशच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पुड्या घेऊन तो निघाला आणि परतताना बोरसीच्या नाल्यात त्या एकेक करून टाकल्या. पण ते वाक्य नाल्यात पडलं नाही. पुढं कित्येक महिने त्याला खरंच वाटत राहिलं, की ही शिक्षा आहे. मग औषधांच्या दुकानातल्या गोळ्या, मग एका डॉक्टरकडच्या त्याच गोळ्या जास्त दिवसांच्या. मग सोनोग्राफी. तिथं बाकावर चौदा माणसं बसलेली, सहा बाया, त्यात एक ओळखीची, आणि आतून मुलीने दार उघडून खणखणीत आवाजात विचारलं, "अंडकोष वाला कौन है?" कुणी उठलं नाही. मुलीने पुन्हा विचारलं. रूपेशने इतरांसारखंच इकडंतिकडं पाहिलं, जणू त्यालाही कुतूहल होतं, आणि मोबाईल कानाला लावून बाहेर निघून गेला. सोनोग्राफी पुढच्या महिन्यात रायपूरला जाऊन केली. रिपोर्ट आला, नॉर्मल. लघवीचा रिपोर्ट, नॉर्मल. डॉक्टर म्हणाला, टेन्शन मत लो.

शहर त्याच्यासाठी बदलून गेलं होतं. इतर माणसांचं भिलाई चौकांचं, दुकानांचं. त्याचं भिलाई मुताऱ्यांचं. सुपेल्यात कुठं, पॉवर हाऊसला पुलाच्या कोणत्या बाजूला, सिव्हिक सेंटरमध्ये कुठल्या दुकानामागं, हे त्याला अंधारातही सांगता आलं असतं. लग्नात तो दाराजवळची खुर्ची धरायचा. स्कूटरवर खड्डा आला की पायांवर उभा राहायचा. घरात तो पुढच्या खोलीत झोपू लागला. ममताने विचारलं तेव्हा म्हणाला, शिफ्टमुळं तुझी झोप मोडते. खरं कारण असं होतं, की जवळ गेल्यावर नंतर दोन दिवस चिमटा आवळायचा, आणि हे सांगण्यापेक्षा न जाणं सोपं होतं. ममताने पुन्हा विचारलं नाही. तिने शिलाई मशीन पुढच्या खोलीतून मागं हलवलं आणि शाळांचे गणवेश शिवत राहिली. या हलवण्यात काहीतरी होतं ते त्याला कळलं होतं, पण त्याने कळू दिलं नाही.

दोन वाजता सुटल्यावर सायकल स्टँडपाशी देवरावकाका त्याची वाट पाहत उभे होते. काका गोंदियाकडचे, सत्तावन्न वर्षांचे. खाली उभं राहून हाताने खुणा करत क्रेन चालवून घेणं हे त्यांचं काम. गेली एकोणीस वर्षं त्यांचा हात हलला की रूपेशचा लिव्हर हलायचा. इतकी वर्षं दोघं एकमेकांशी हातांनीच जास्त बोलले होते.

"लागलं का कुठं काका?" रूपेशने विचारलं.

"ढोपर खरचटलं. ते सोड." काकांनी आजूबाजूला पाहिलं. "लिव्हर नाई अटकला, रूपेश."

"अटकला होता काका. मी..."

"आयक. मी इतके साल खालून पाहून राहिलो. लिव्हर अटकला तं माल येका जाग्यावर थरथरते. आज माल धक्का मारल्यावानी गेला. मानूस हालला गा, मशीन नाई हालली." त्यांचा आवाज चढला नव्हता. "काय होऊन राहिलं तुले? सहा महिने पाहून राहिलो, तू शिडीवरून उतरते तं पाय फाकवून उतरते."

रूपेशने सायकलींच्या रांगेकडे पाहिलं. एका सायकलच्या सीटला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती, तिच्यात हवा भरून ती फुगली होती. ती पाहतच तो म्हणाला, "गोटी दुखते काका. चार साल झाले. आन पेशाब रोकता येत नाई, आन कराले गेलं तं होत नाई." बस्स. चार वर्षांचं सगळं एवढ्यात मावलं. जमीन दुभंगली नाही. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

देवरावकाकांनी हातातलं हेल्मेट तळहाताने पुसलं. मग म्हणाले, "ममताले सांगतलं?"

"नाई."

"मंग मले कावून पयले सांगून राहिला बे? घरी सांग. आन उद्या साहेबाले सांग, का लिव्हर चांगला होता." त्यांनी हेल्मेट बगलेत धरलं. "नाई सांगतलं तं मी सांगीन. तुह्यावर राग नाई माहा. पन त्या मालाखाली मी उभा राहतो ना गा."

घरी येईपर्यंत तो शेवटचंच वाक्य ऐकत होता. रिसालीच्या वळणावर स्कूटर खड्ड्यात गेली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो पायांवर उभा राहायला विसरला. कळ आली, त्याने ती येऊ दिली. उघडं पांढरं डोकं डोळ्यांपुढून हलत नव्हतं. कळ आपली आहे, एकट्याची आहे, असं त्याने चार वर्षं धरलं होतं. ती आज सकाळी दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचली होती, चार हातांच्या अंतराने चुकली होती. त्याला लाज वाटत होती, पण ही निराळी लाज होती. जुनी लाज माणसाला तोंड मिटायला लावायची. ही बोल म्हणत होती.

ममता मागच्या ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. उन्नती, त्यांची मुलगी, शाळेतून यायची होती. रूपेश पायरीवर बसला, मग उठला, मग भिंतीला टेकून उभा राहिला.

"जेवता का?" ममताने मान वर न करता विचारलं.

"थांब. मले येक सांगाचं हाय." आणि त्याने सांगितलं. आधी रुळांचं, मग दुखण्याचं, मग उलट्या क्रमाने सोनोग्राफी, गोळ्या, वैद्य. पुढच्या खोलीत का झोपतो तेही. सांगताना तो तिच्या हातांकडे पाहत होता. हात आधी देठ मोडत राहिले, मग थांबले.

"चार साल," ममता म्हणाली.

"हो."

"चार साल मले वाटून राहिलं का तुमाले माहा कटाळा आला." तिने भाजी बाजूला सारली. "मी आरशासमोर उभी राहू, मनात म्हनू, इतकी का मी म्हातारी झाली. कोनी दुसरी असंन असंबी वाटलं. तुमच्या मोबाईलात पायलं मी, येक डाव नाई, दहा डाव. आन तुमी..." तिला हसू आलं की रडू, ते तिलाही ठरवता आलं नसावं, दोन्ही एकदमच आलं. "दुखते तं दुखते म्हनाचं असते ना हो! दात दुखला तं अख्खी गल्ली डोक्यावर घेता."

रूपेशही हसला. हसताना ओटीपोट हललं आणि दुखलं, तरी तो हसत राहिला. ममताने पदराने डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलू लागली: कोणता डॉक्टर, कधी, रिपोर्ट कुठं आहेत. रिपोर्ट त्याने गादीच्या खोळीत लपवले होते. ते काढून आणताना त्याला चोरीचा माल परत करतोय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो शेडचे प्रमुख, शॉप इनचार्ज साहूसाहेब यांच्या केबिनमध्ये उभा राहिला. त्याने ठरवून ठेवलं होतं, की घाईने बोलायचं नाही. "साहब, लिव्हर नहीं अटका था. मैंने झूठ बोला." साहूसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्याने दुखण्याचंही सांगितलं, अवयवाचं नाव घेऊन. साहेब रागावले ते खोटं बोलल्याबद्दल. दहा मिनिटं रागावले, लेखी घेतलं. क्रेनवरून त्याला लगेच उतरवलं गेलं, मेडिकल होईपर्यंत खाली काम. दाराशी पोहोचला तेव्हा साहेब मागून जरा हळू म्हणाले, "और कापगते, इलाज ठीक से कराना. आधा छोड़ के मत भागना." रूपेश बाहेर आला. एकोणीस वर्षांत तो कधी इतका खाली आला नव्हता, आणि छातीत विचित्र मोकळं वाटत होतं.

ममताने शोधून काढलेला रायपूरचा मूत्रविकारांचा डॉक्टर साठीचा होता, अर्धवट टकलाचा, आवाज बसलेला. त्याने रिपोर्टांचा गठ्ठा पाहिला आणि बाजूला ठेवला. तपासलं, लघवीच्या धारेचा वेग मोजणाऱ्या यंत्रात लघवी करायला लावली. मग समोर बसून विचारू लागला: कधी दुखतं, बसल्यावर की उभं राहिल्यावर, जवळीक केल्यावर वाढतं का, पाणी किती पितोस. ममता शेजारी बसलेली होती आणि रूपेश उत्तरं देत होता, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याला पुढचं सोपं जात होतं. मग डॉक्टरने विचारलं, "काम क्या करते हो? दिन में कितनी देर रोक के रखते हो?" हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. रूपेश म्हणाला, "पूरी शिफ्ट. आठ घंटे." "कब से?" "उन्नीस साल." डॉक्टरने ममताकडे पाहिलं, मग परत त्याच्याकडे. "अरे भाई," तो म्हणाला, "इतना तो बाँध भी नहीं रोकता."

त्याने समजावलं. जंतू नाहीत, गाठ नाही, कॅन्सर नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल. दुखणं मात्र खरं. लहानपणीच्या कुठल्या चुकीचा संबंध नाही, हे रूपेशने विचारलं म्हणून त्याने स्पष्ट सांगितलं आणि असं विचारणाऱ्या वैद्यांबद्दल एक शिवीही हासडली. लघवीची वाट सैल करणारी एक गोळी काही आठवड्यांपुरती दिली, आधीच्या अँटिबायोटिक गोळ्या बंद केल्या आणि चिठ्ठी लिहिली फिजिओथेरपीची. फिजिओथेरपी म्हणजे पाठ, गुडघे, एवढंच रूपेशला ठाऊक. त्याला वाटलं, डॉक्टरने चुकून दुसऱ्याचा कागद दिला.

फिजिओथेरपिस्ट भिलाईतच, नेहरूनगरला निघाली. तिचं नाव समृद्धी, वय तिशीच्या आत, नागपूरची. नाव ऐकताच म्हणाली, "मराठी का दादा? मग मराठीतच बोलू." तिने कागदावर चित्र काढून दाखवलं: ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते, तिच्यावर मूत्राशय टेकलेलं. लघवी धरायची तर झोळी आवळायची, सोडायची तर सैल करायची. "तुम्ही ती एकोणीस वर्षं आवळूनच ठेवली आहे. आता तिला सैल व्हायचं कसं ते आठवतच नाही."

रूपेशने कबूल केलं, की मोबाईलवर पाहून त्याने तिथले स्नायू आवळायचे व्यायामही केले होते, रोज दोनशे. समृद्धीने कपाळावर हात मारून घेतला. मग ममताला आत बोलावून तिने त्याला टेबलावर आडवं केलं, वर चादर टाकली, प्रत्येक वेळी आधी विचारून आतल्या मांडीवर, जांघेच्या हाडापाशी, बोटाने हळूहळू दाबत गेली. "इथं? नाही? इथं?" रूपेश छताकडे पाहत होता. पंखा बंद होता. तिचं बोट हाडाच्या मागच्या बाजूला एका ठिकाणी थांबलं, दाबलं, आणि डाव्या अंडकोषात तीच कळ उठली, तंतोतंत तीच, तिच्या वाटेने बेंबीपर्यंत. त्याने श्वास रोखला. समृद्धी म्हणाली, "ही?" बोट काढलं, कळ गेली. परत ठेवलं, परत आली. बोट अंडकोषावर नव्हतंच, चांगलं चार बोटं दूर होतं.

"ही," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहून कानात गेलं. दुखल्यामुळं नव्हे. चार वर्षं ही कळ फक्त त्याच्या आत होती. कुठल्या काचेत, कागदात ती उतरली नव्हती, आणि हळूहळू त्याला वाटू लागलं होतं की आपण ती बनवतो, आपलंच डोकं फिरलंय. आता एका परक्या मुलीचं बोट तिच्यावर ठेवलेलं होतं. ती होती. तिला जागा होती. जिला जागा आहे तिच्यापर्यंत हात पोहोचतो. ममताने त्याचा खांदा धरला आणि समृद्धीने दोघांना थोडा वेळ तसंच राहू दिलं.

पुढचे दोन महिने सरळ गेले असं नाही. तिसऱ्या आठवड्यात दुखणं वाढलं आणि तो ममतावर विनाकारण ओरडला, दोन दिवस व्यायाम केला नाही. समृद्धीने फोनवर झापलं. रोज संध्याकाळी गरम पाण्याच्या टबात बसायचं, पोटात श्वास भरायचा, आणि झोळी सोडायची. सोडायची म्हणजे काय करायचं हेच त्याला पंधरा दिवस कळलं नाही. करायचं काहीच नसतं, हे करणं सगळ्यांत अवघड होतं. आयुष्यभर त्याने आवळूनच सगळं निभावलं होतं: दात, मुठी, पोट, शब्द. उन्नतीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत तो वेळा लिहायचा, किती वाजता गेलो, किती प्यायलो, किती दुखलं. अर्ध्या तासाची घाई हळूहळू तासाची झाली, मग दीडची. एका दुपारी तो मोरीतून ओरडला, "ममता! आयक वं!" ती शिवता शिवता धावत आली, काय पडलं म्हणून. दाराबाहेर उभी राहिली. आत बादलीत धार पडत होती, भरघोस, न अडखळता, पत्र्यावर पागोळी पडावी तशी. "आयकलं?" आतून आवाज आला. ममता दाराला टेकून इतकी हसली, की उन्नती अभ्यास सोडून विचारायला आली, आणि तिला सांगायचं काय हे दोघांनाही सुचेना. मग ममताने तिला सरळ सांगितलं: बाबाले दुखत होतं, आता बरं होऊन राहिलं. उन्नती म्हणाली, "मग इसमें हसने का क्या है?" आणि परत गेली. पुढच्या आठवड्यात शिलाई मशीन पुढच्या खोलीत आलं आणि रूपेशची गादी मागं गेली.

कारखान्यात हे दोन महिने तो देवरावकाकांबरोबर खाली उभा राहिला. रूळ डोक्यावरून जाताना छातीत कसं होतं ते त्याला पहिल्यांदा कळलं. वरून ते पट्ट्यांसारखे दिसायचे. खालून ते आभाळ अडवायचे. काकांनी त्याला उभं राहायची जागा शिकवली, कुठं मागं सरकायचं ते शिकवलं, आणि एक दिवस चहा पिताना आपण होऊन म्हणाले, "त्या दिवशी मले वाटलं होतं, आता गेलो." एवढंच. रूपेशने काकांच्या ढोपराला हात लावला, पँटवरून, ओझरता. काकांनी हात झटकला नाही.

मेडिकलमध्ये पास झाला त्या दिवशी त्याने साहूसाहेबांना सांगितलं, की वर जायचं तर दर दोन तासांनी उतरेन, आणि तेवढा वेळ दुसरा माणूस लागेल. डॉक्टरचा कागद पुढं ठेवला. साहेबांनी कागद वाचला, डोकं खाजवलं, आणि एकट्यासाठी कशाला, म्हणत सगळ्याच क्रेनांसाठी पाळ्या लावल्या. पहिले काही दिवस हशा झाला. रूपेशला पाहिलं की कुणीतरी सू-सू असा आवाज काढायचा. तो ऐकून घ्यायचा. सोमवारी सहा वाजता तो शिडी चढला, केबिनमध्ये बसला, मांड्या मोकळ्या सोडल्या, पोटात श्वास भरला, आणि खाली पाहिलं. पिवळं हेल्मेट, वर आलेला हात. ये, अजून ये. पाच रूळ उचलले गेले, सरकले, आणि जिथं थांबायचं तिथंच थांबले. कळ होती, कुठंतरी दूर, शेजारच्या घरात कुणी बोलावं तशी. आठ वाजता बदलीचा माणूस वर आला आणि रूपेश भर शिफ्टमध्ये, अख्ख्या शॉपसमोर, शिडीची एकेक पायरी उतरला. मुतारीकडे जाताना तो पळाला नाही. परतताना माठातलं दोन ग्लास पाणी प्यायला, उभ्यानेच, मान मागं टाकून. आवाज काढणारे त्या वेळी गप्प होते. त्यांच्यातला एक जण तर त्याच्या मागोमाग माठाशी आला.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी दारात मारोतराव उभे होते. दुसऱ्या शेडमधले क्रेन ऑपरेटर, निवृत्तीला वर्ष उरलेलं, झुपकेदार मिशा, रूपेशशी आजवर दहा वाक्यंही न बोललेले. हातात सीताफळांची पिशवी. इकडून जाऊन राहिलो होतो म्हणून आलो, म्हणाले. बसले. पिकाचं बोलले, गावच्या भावाचं बोलले, सीताफळं यंदा कशी लहान आहेत ते बोलले. ममता चहा ठेवून उन्नतीला घेऊन आत गेली. मारोतरावांनी कप उचलला, पुन्हा ठेवला. त्यांची नजर दारावरून भिंतीवर, भिंतीवरून स्वतःच्या पावलांवर आली. रूपेशला ती नजर ओळखीची वाटली. कुठं पाहावं हे न कळणारा माणूस कुठं कुठं पाहतो, ते त्याला पाठ होतं.

"भाऊ," मारोतराव अखेर म्हणाले, "आयकलं का तुमाले बरं वाटून राहिलं."

"हो. लय बरं."

"नाई, तसं काई नाई. माहा येक ओळखीचा हाय, त्याइले..." ते थांबले. मिशीवरून हात फिरवला.

रूपेशने आपली खुर्ची थोडी पुढं ओढली. "मले गोटीत दुखत होतं मारोतरावजी," तो म्हणाला. "डाव्या. तुमाले कोन्त्या बाजूनं दुखते?"

मारोतरावांनी मान वर केली. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग त्यांचे रुंद खांदे, जे आल्यापासून कानांपर्यंत चढलेले होते, हळूहळू खाली आले.

"दोनी," ते म्हणाले. "अकरा साल झाले."

"सांगा," रूपेश म्हणाला. "आज सुट्टी हाय."

आणि ते सांगू लागले.